बरं वाटलं म्हणजे टीबी बरा झाला का? सहा महिन्यांच्या गोळ्यांमागचा हिशेब

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आईंचं वय 54, फुप्फुसाचा टीबी. गोळ्या सुरू होऊन सव्वादोन महिने झाले. खोकला थांबला, ताप गेला, वजन तीन किलोंनी वाढलं, दोन महिन्यांनंतरची थुंकी निगेटिव्ह आली. मळमळ मात्र होत होती. आता त्या म्हणतात, “मी ठणठणीत आहे, बास झालं हे औषध.” डॉक्टर सहा महिन्यांवर ठाम आहेत. तुम्हाला कळत नाही की सहाच का? चार महिन्यांचं नवं औषध निघाल्याचंही वाचलंय. शिवाय घरात तुम्ही, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. तुम्हा तिघांना काही आजार नसताना गोळ्या घ्यायला सांगितल्यात, तेही पटत नाही.

छातीच्या आजारांची ओपीडी मी पंचवीसहून अधिक वर्षं करतोय आणि हा प्रश्न मला आठवड्यातून निदान दोनदा ऐकू येतो. बहुतेकदा आम्ही डॉक्टर “कोर्स पूर्ण करा” एवढंच म्हणून पुढचा केसपेपर हातात घेतो. गर्दी असते हे खरं, पण ते उत्तर नव्हे. तेव्हा आज जरा निवांत सांगतो.

आधी एक समज बाजूला ठेवू. आईंच्या फुप्फुसातले बहुतेक जंतू मरायला सहा महिने लागतच नाहीत. पहिल्या दोन आठवड्यांतच त्यांची संख्या कोसळते, म्हणून ताप उतरतो, भूक लागते, माणूस उठून कामाला लागतो. मग उरलेले साडेपाच महिने कशासाठी? तर उलटू नये म्हणून. आमच्याकडचे रुग्ण “टीबी उलटला” म्हणतात, तो शब्द अगदी नेमका आहे. सहा महिने हा आकडा बरं वाटायला किती दिवस लागतात यावरून आलेला नाही. औषध थांबवल्यावर किती जणांचा आजार उलटतो, हे एकेक रुग्ण मोजून काढलेला तो आकडा आहे. आणि त्या मोजदादीला चाळीसेक वर्षं लागलीत.

सुरुवात ब्रिटनमधल्या एका अभ्यासापासून करतो. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने 1882 साली टीबीचा जंतू दाखवला, पण त्यावर चालणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती यायला 1943 साल उजाडलं. (मधल्या काळात आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून पदवी घेऊन आल्या आणि 1887 मध्ये याच आजाराने गेल्या. त्यांच्या डॉक्टरांकडे देण्यासारखं काही नव्हतंच.) ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने 107 रुग्ण घेतले. 55 जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि अंथरुणात विश्रांती, 52 जणांना नुसती विश्रांती. औषध इतकं तुटपुंजं होतं की सगळ्यांना देणं शक्यच नव्हतं, म्हणून कोणाला द्यायचं हे आधीच काढलेल्या चिठ्ठ्यांसारख्या पद्धतीने ठरवलं. सहा महिन्यांत औषधवाल्यांपैकी 4 गेले, नुसत्या विश्रांतीवाल्यांपैकी 14. जादूच वाटली असणार. पण त्याच रुग्णांचा पाच वर्षांनी हिशेब केला तेव्हा औषधवाले 32 गेले होते आणि बिनऔषधाचे 35. फरक जवळजवळ पुसला गेला होता. आधी बरे वाटलेले लोक पुन्हा आजारी पडले आणि आता त्यांच्या जंतूंना स्ट्रेप्टोमायसिन लागू पडेना.

तेव्हापासून टीबीला एकट्या औषधाने हात लावायचा नाही, हा नियम झाला. त्यामागचं गणित सोपं आहे. आयसोनायझिड आणि रिफॅम्पिसिन ही टीबीची दोन मुख्य औषधं घ्या. साधारण दहा लाख जंतूंमागे एखादा जन्मतःच आयसोनायझिडला दाद न देणारा असतो. रिफॅम्पिसिनला दाद न देणारा त्याहून दुर्मीळ, दहा कोटींत एखादा. फुप्फुसात पोकळी झाली असेल तर तिच्यात दहा कोटींहून जास्त जंतू सहज असतात. म्हणजे कुठलंही एक औषध दिलं की त्याला न जुमानणारे थोडे आधीच आत बसलेले आहेत. बाकीचे मरतात, हे वाढतात. दोन्ही औषधांना एकाच वेळी न जुमानणारा मात्र एवढ्या गर्दीतही सापडणं जवळपास अशक्य. आईंना पहिले दोन महिने चार औषधांची मिळून एक गोळी मिळाली ती यासाठी. मळमळीला कंटाळून त्यातलं एखादंच औषध टाळायची सोय एकत्र गोळीमुळे राहिली नाही, हे फार बरं झालं. सुट्या गोळ्यांच्या काळात लोक नेमकं तेच करायचे.

आता मद्रासकडे वळतो, कारण आपल्या घरातल्या निम्म्या भीतींचं उत्तर तिथे आहे. 1950 च्या दशकात क्षयाचा रुग्ण म्हणजे सॅनेटोरियम, म्हणजे क्षयरुग्णांचं आरोग्यधाम, असंच समीकरण होतं. आपल्याकडे मिरजेजवळची वानलेसवाडी, मुंबईत शिवडी, पुण्यात औंध. मोकळी हवा, दूध-अंडी आणि महिनोन्‌महिने पडून राहणं. देशात रुग्ण लाखांनी होते आणि खाटा हजारांनी. 1956 मध्ये मद्रासच्या चेटपेटमध्ये आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद), तिथलं राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनचं ते मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून एक केंद्र उघडलं. वॉलेस फॉक्स नावाचे डॉक्टर त्याचे प्रमुख. त्यांनी 193 गरीब रुग्ण घेऊन अर्ध्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं आणि अर्ध्यांना त्यांच्याच घरी. औषध दोन्हीकडे तेच, आयसोनायझिड आणि ‘पास’ (पीएएस) नावाचं तेव्हाचं औषध, वर्षभर. घरी राहिलेल्यांची घरं म्हणजे गजबजलेल्या वस्तीतल्या एकेक खोल्या. जेवण जेमतेम, आणि जरा बरं वाटलं की कामावर. सॅनेटोरियमवाल्यांना सकस आहार आणि सक्तीचा आराम.

वर्षाअखेर सॅनेटोरियममध्ये 92 टक्क्यांचा आजार शमला, घरी 86 टक्क्यांचा. तज्ज्ञांना मोठ्या दरीची अपेक्षा होती, ती निघालीच नाही. याहून मोलाची गोष्ट पुढे कळली. दोन्हीकडच्या घरच्या माणसांवर पाच वर्षं नजर ठेवली होती. रुग्ण घरात असलेल्या कुटुंबांत टीबी जास्त झाला नाही. लागण व्हायची ती बहुतांशी औषध सुरू होण्याआधीच, निदान व्हायला वेळ लागला तेव्हा होऊन गेली होती. म्हणून सांगतो, सव्वादोन महिने गोळ्या घेतलेल्या, थुंकी निगेटिव्ह आलेल्या आईंचं ताट-वाटी वेगळं ठेवू नका. तसंही टीबी भांड्यांतून पसरत नाही, हवेतून पसरतो. नातीला त्यांच्या मांडीवर बसू द्या. घरोघरी या वेगळ्या भांड्यांनी किती बायकांना आतून खचवलंय, ते मी रोज पाहतो.

मद्रासमध्ये आणखी एक गोष्ट उघडी पडली. औषध घरी दिलं की लोक ते घेतातच असं नाही. तिथले कर्मचारी न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेलंय का पाहत. बरं वाटलं की गोळी चुकते, हे तिथे पुन्हापुन्हा दिसलं. माणसाचा स्वभावच आहे तो, त्यात मद्रास आणि मिरज असा फरक नाही.

तेव्हाचे उपचार एक-दीड वर्षाचे. मी शिकत होतो तेव्हा वॉर्डातल्या जुन्या सिस्टर पासच्या डोसाच्या गोष्टी सांगायच्या. दिवसाला दहा-बारा ग्रॅम, तोंडाला पाणी सुटून उलटी व्हायची. मग 1970 च्या दशकात पूर्व आफ्रिकेत प्रश्न असा विचारला गेला: वेळ अर्ध्याहून कमी करता येईल का? सगळ्यांना सहा महिने स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनायझिड. त्यावर एका गटाला रिफॅम्पिसिन, एकाला पायराझिनामाइड. नुसती दोन औषधं घेतलेल्यांत 29 टक्क्यांचा आजार उलटला. पायराझिनामाइड घातलेल्यांत 8 टक्के. रिफॅम्पिसिन घातलेल्यांत 3. सहा महिन्यांचा उपचार इथून आला. पुढे दोन्ही एकत्र दिली आणि अजून खाली आणायचा प्रयत्न झाला, पण तेव्हाच्या औषधांवर चार महिन्यांत थांबवलं की उलटण्याचं प्रमाण पुन्हा वर चढे.

असं का होतं, याचं उत्तर लंडनच्या डेनिस मिचिसन यांनी मांडलं, ते मला आजही पटतं. हा जंतू मुळात आळशी. आपल्या आतड्यातला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला जवळपास वीस तास लागतात. त्यातही सगळे एका चालीने वाढत नाहीत. काही भराभर वाढतात, त्यांना आयसोनायझिड दोन-चार दिवसांत लोळवतं. काही आम्लाच्या कोपऱ्यात दबा धरून असतात, तिथे फक्त पायराझिनामाइड चालतं. काही जवळजवळ झोपलेले असतात, मधूनच तासाभरासाठी जागे होतात. तेवढ्या वेळात त्यांना गाठतं ते रिफॅम्पिसिन. झोपलेल्याला मारता येत नाही, जागा होईपर्यंत औषध रोज रक्तात हजर ठेवावं लागतं. आईंना आता त्रास नाही कारण जागे जंतू संपलेत. उरलेल्या चार महिन्यांच्या गोळ्या या झोपलेल्यांची वाट पाहण्यासाठी आहेत.

आता तुमचा चार महिन्यांचा मुद्दा. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. 2014 साली मॉक्सिफ्लॉक्सासिन हे आणखी एक औषध घालून चार महिन्यांत उरकायचा मोठा प्रयत्न झाला आणि फसला. सहा महिन्यांच्या नेहमीच्या उपचाराला 92 टक्के यश, चार महिन्यांच्या दोन पद्धतींना 85 आणि 80. हा फसलेला अभ्यास मी रुग्णांना मुद्दाम सांगतो, कारण त्यातून उलटंही दिसतं: शंभरातले ऐंशी लोक चार महिन्यांतच बरे झाले होते. त्यांना पुढचे दोन महिने लागलेच नसते. तुमच्या आई त्या ऐंशीत असू शकतात, बहुधा असतीलच. अडचण एवढीच की ऐंशीतले कोण आणि वीसमधले कोण, हे आधी सांगणारी खात्रीची चाचणी आज कोणाकडे नाही. एक्स-रेवरून नाही कळत, वजनावरून नाही, “मला ठणठणीत वाटतंय” यावरून तर नाहीच. त्या वीस जणांसाठी सगळ्या शंभरांना सहा महिने थांबावं लागतं. यात अन्याय आहे, मला मान्य आहे.

2021 मध्ये मात्र चार महिन्यांची एक पद्धत यशस्वी ठरली. त्यात रिफॅम्पिसिनच्या जागी त्याचाच भाऊबंद रिफापेंटिन रोज मोठ्या मात्रेत आणि जोडीला मॉक्सिफ्लॉक्सासिन होतं. अडीच हजार रुग्ण, तेरा देश. पुढच्याच वर्षी लहान मुलांच्या सौम्य टीबीसाठी चार महिने पुरतात हेही सिद्ध झालं. त्या अभ्यासात 1,204 मुलं होती, काही पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजमधली. पण आई ज्या गोळ्या घेताहेत त्या चार महिन्यांत थांबवणं म्हणजे ही नवी पद्धत नव्हे. ती औषधंच वेगळी, आणि पहिल्या दिवसापासून द्यायची. मध्येच गाडी बदलता येत नाही. जुन्या गोळ्या चार महिन्यांत थांबवल्या तर काय होतं, तो प्रयोग पन्नास वर्षांपूर्वी होऊन गेलाय.

गोळ्या मध्येच सोडल्या तर “रेझिस्टन्स येईल”, म्हणजे जंतू औषधाला दाद देईनासा होईल, असं जे सरसकट घाबरवलं जातं, त्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. सगळी औषधं एकदम, पूर्ण बंद केली तर आजार उलटतो, पण उलटलेला जंतू बऱ्याचदा पूर्वीचाच, त्याच औषधांना दाद देणारा असतो. खरा घात होतो तो धरसोडीत. चार दिवस घेतल्या, आठ दिवस नाही, लग्नाला गावी गेलो म्हणून राहिल्या, पुन्हा सुरू केल्या. माझा एक ट्रकचालक रुग्ण असाच वर्षभर घेत-सोडत राहिला. परत आला तेव्हा रिफॅम्पिसिन निकामी झालं होतं. त्या काळात त्याला जवळपास दोन वर्षं उपचार आणि सुरुवातीचे सहा महिने इंजेक्शनं घ्यावी लागली. एका कानाने ऐकू येणं कमी झालं ते कायमचं. आज तो आला असता तर बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांच्यावर, इंजेक्शनाशिवाय, सहा महिन्यांत सुटला असता. भारतात या पद्धतीला 2024 मध्ये मान्यता मिळाली. माझ्या उभ्या कारकिर्दीत एवढा मोठा बदल मी दुसरा पाहिला नाही.

मळमळीचं सांगतो. दोन महिने संपले म्हणजे आता चारऐवजी तीन औषधांची गोळी सुरू झाली असेल. गळलेलं औषध पायराझिनामाइड, आणि मळमळ, सांधेदुखी यांत बहुधा त्याचाच हात मोठा. त्यामुळे त्रास आपोआप कमी व्हायला हवा. नसेल झाला तर हलकं काही खाऊन गोळ्या घेऊन पाहा, आणि डॉक्टरांना सांगा. लघवी केशरी होते ती रिफॅम्पिसिनमुळे, घाबरू नका. मात्र डोळे पिवळे दिसले, अन्नाचा वासही नकोसा झाला, उलट्या थांबेनात, तर गोळ्या थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. ती काविळीची खूण असू शकते. तळपायाला मुंग्या येत असतील तर बी-6 ची गोळी लागते. नजर धूसर झाली किंवा लाल-हिरवा नीट ओळखता येईना तर तेही लगेच सांगा, ते गोळीतल्या एथॅम्ब्युटॉल या औषधाचं काम असतं. आईंना मधुमेह आहे का हे तुम्ही लिहिलेलं नाही. साखर तपासलेली नसेल तर तपासून घ्या.

आणि बरं झालंय का पाहायला स्वतःच्या खर्चाने पुन्हा सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या मशीनवरच्या थुंकीच्या चाचण्या करू नका. (ट्रूनॅट हे मशीन आपल्या गोव्यातल्या कंपनीचं, 2020 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत, मला त्याचं कौतुक आहे.) निदानाला या चाचण्या उत्तम, पण त्या जंतूचा डीएनए शोधतात, आणि मेलेल्या जंतूचा डीएनएही त्यांना सापडतो. असा “पॉझिटिव्ह” कागद घेऊन रडवेले झालेले लोक माझ्याकडे येतात. प्रगती पाहायला साधी थुंकी आणि गरज पडली तर कल्चर, म्हणजे थुंकीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी.

आता तुम्ही तिघं. जंतू अंगात शिरणं आणि टीबी होणं या दोन गोष्टी आहेत. शिरलेल्या शंभरांपैकी पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो, पण त्याचा मोठा वाटा पहिल्या दोन वर्षांतला. आणि तुमचं घर नेमकं त्या दोन वर्षांत आहे. मुलगी चार वर्षांची, तिच्या वयात तो मेंदूच्या आवरणापर्यंत जाण्याची भीती जास्त. “तिला बीसीजी दिलीय की!” असं तुम्ही म्हणाल. बीसीजी लहान मुलांना त्या गंभीर प्रकारांपासून बऱ्यापैकी वाचवते, पूर्ण नाही. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीबाबत तर तमिळनाडूत चिंगलपेटला दोन लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीत तिचा उपयोग दिसलाच नाही. नव्या लशीची मोठी चाचणी 2024 मध्ये सुरू झाली आहे, पण तुमच्या मुलीला तिची वाट पाहता येणार नाही.

प्रतिबंधक गोळ्यांचे आपल्याकडे दोन मुख्य मार्ग आहेत. सहा महिने रोज आयसोनायझिड, किंवा आठवड्यातून एकदा रिफापेंटिन-आयसोनायझिड, असे बारा डोस. 2011 मध्ये या बारा डोसांची तुलना नऊ महिन्यांच्या आयसोनायझिडशी झाली. बारा डोसांच्या 3,986 जणांत 7 जणांना टीबी झाला, नऊ महिनेवाल्या 3,745 जणांत 15 जणांना. मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो: बारा डोस 82 टक्क्यांनी पूर्ण केले, नऊ महिने 69 टक्क्यांनी. एक अट मात्र कडक. आधी तिघांनाही टीबी नाही याची खात्री: खोकला, ताप, वजन, एक्स-रे. आजार असताना प्रतिबंधक गोळ्या दिल्या तर ती पुन्हा अर्धवट औषधाचीच चूक. पत्नी गरोदर असतील किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेत असतील तर आधी सांगा. गरोदरपणात रिफापेंटिन देत नाहीत, आणि त्याने गर्भनिरोधक गोळीचा परिणामही कमी होतो.

आहाराबद्दल वर मद्रासचं वाचून तुम्ही म्हणाल, तिथे तर कमी खाऊनही लोक बरे झाले. खरंय, जंतू औषधानेच मरतो. पण झारखंडमध्ये 2019 पासून झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या चमूने 2,800 रुग्णांना दरमहा शिधा दिला. त्यांच्या दहा हजारांवर घरच्या माणसांपैकी निम्म्यांनाही तांदूळ, डाळ आणि सूक्ष्मपोषकांच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना नाही. शिधा मिळालेल्या घरांत नवा टीबी 39 टक्क्यांनी कमी झाला. मुख्यतः तांदूळ आणि डाळ! कुठल्या लशीने एवढं केलं असतं तर पहिल्या पानावर आलं असतं. रुग्णांमध्येही ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं त्यांच्यात मृत्यू पुष्कळ कमी होते, तेव्हा आईंचे ते तीन किलो ही चांगली खूण आहे. टॉनिकच्या बाटल्या नकोत. डाळ, भाकरी, शेंगदाणे, चालत असेल तर अंडं. टीबी रुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1,000 रुपये आईंच्या खात्यात येताहेत का तेही पाहा. येत नसतील तर निक्षय आयडी (उपचार सुरू होताना मिळालेला नोंदणी क्रमांक) घेऊन आशाताईंना किंवा टीबी केंद्रावर विचारा. बँकेचा तपशील चुकलेला असणं हे नेहमीचं कारण.

सहा महिने झाले की गोळ्या थांबतील, मध्ये चुकलेले दिवस असतील तर ते पुढे जोडून. उलटायचं असेल तर बहुतेकदा पहिल्या वर्षभरातच उलटतं. म्हणून त्यानंतर 6, 12, 18 आणि 24 महिन्यांनी आईंना दाखवून घ्या, आणि मधे कधी पंधरा दिवस खोकला राहिला तर तारखेची वाट न पाहता थुंकीची डबी घेऊन या.